तीन रिळांतला बागेश्री

गांगुर्डे कुटुंबात संगीताला श्वासाचं स्थान होतं. फरक एवढाच, की श्वास सगळे वर्षभर घेत आणि संगीत वर्षातून एकदा, अप्पांच्या स्मृतिदिनाला, वंदना आणि पोहे आटोपल्यावर.

अप्पा म्हणजे सहादू गांगुर्डे. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात मशीनवर जन्म गेलेला माणूस. जाताना त्यांनी मुलांना जमीन दिली नाही, कारण ती नव्हती. त्यांनी बागेश्री दिला. चंद्रभागाबाई येवलेकरांनी गायलेला, स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर उतरवलेला, तीन रिळांत भरलेला एकच बागेश्री. त्याचीही त्यांनी रीतसर वाटणी केली. थोरल्या निवृत्तीला विलंबित, देवळ्याला दिलेल्या शकूला मधलं रीळ, आणि धाकट्या पुंजारामला द्रुत व तराणा. टेपरेकॉर्डर थोरल्याकडे. कोणत्याही एका भावंडाला एकट्याने पूर्ण राग ऐकता येऊ नये, अशी ती व्यवस्था होती. जमिनीच्या वाटण्या माणसं तोडतात, ही वाटणी माणसं जोडेल, असं अप्पांना वाटलं असावं. त्यांना अनुभव फक्त नोटांचा होता, आणि त्या छापून झाल्या की पुढे काय होतं हे छापणाऱ्याला बघायला मिळत नाही.

मुळात हा बागेश्री साधा नव्हता. तो घरचा होता. एकसष्ट सालच्या मे महिन्यात चंद्रभागाबाई गांगुर्ड्यांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आल्या, सतरंजीवर बसल्या आणि गायल्या. नाशकात खोली भाड्याने मागितली की आधी आडनाव विचारलं जाई, त्या काळात बाई या आडनावाच्या घरात येऊन गायल्या. निवृत्ती आणि शकू तेव्हा सुट्टीसाठी वणीजवळ मामाकडे होते, म्हणून त्यांची बैठक हुकली. प्रत्यक्ष साक्षीदार मुलांपैकी एकच, पुंजाराम. तो तेव्हा पाळण्यात होता आणि दुसऱ्या रिळात रडताना स्पष्ट ऐकू येई. पहिल्या रिळात, तबला सुरू होण्याच्या जरा आधी, अप्पा खोकत. तिसऱ्यात स्टेशनवरून इंजिनाची शिट्टी येई. यापेक्षा भक्कम पुरावा एखाद्या कोर्टालाही लागला नसता.

निवृत्ती आता स्वतः छापखान्यात सुपरवायझर होता. बदली होऊन आलेल्या एका वरिष्ठाने एकदा त्याच्या टेबलावर संगीताचं मासिक पाहिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "अरे वा, गांगुर्डे, तुमच्यात हेही ऐकतात?" त्या 'हेही'ला निवृत्तीने तेव्हा फक्त एका वाक्यात उत्तर दिलं होतं. "चंद्रभागाबाई आमच्या घरी गायल्यात, साहेब." साहेबांनी चष्मा काढून पुसला. निवृत्तीला आयुष्यात एवढं समाधान बढतीनेही दिलं नव्हतं.

असा तो बागेश्री. आणि त्र्याऐंशी साली, स्मृतिदिनाला आठवडा उरला असताना, तो निवृत्तीला उपनगरात रस्त्यावर भेटला.

निवृत्ती भाजीची पिशवी हँडलला अडकवून सायकल हातात धरून चालला होता. एका घराच्या खिडकीतून बागेश्रीचे सूर आले. बागेश्री कोणाच्याही मालकीचा नाही, एवढं निवृत्तीलाही मान्य होतं. तो दोन पावलं पुढे गेला, आणि त्या परक्या खिडकीतून अप्पा खोकले.

सहा वर्षांपूर्वी ज्या माणसाला अग्नी दिला, तो माणूस उपनगरात, अनोळखी घरात, हिरव्या पडद्याआड खोकला.   निवृत्तीने सायकल कुंपणाला टेकवली आणि दार वाजवलं.

दार उघडलं ते जमीलसरांनी. उर्दू शाळेत गणित शिकवणारे, गोरे, बारीक, अंगात स्वच्छ पांढरा सदरा. निवृत्तीने नाव सांगताच त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

"म्हणजे पुंजारामचे मोठे भाऊ! अहो, या, या. ताहेरा, देख कौन आया है! चाय रख."

"ही कॅसेट कुठली?" निवृत्तीने उंबऱ्यावरूनच विचारलं.

"तुमचीच की!" जमीलसर आनंदाने म्हणाले. "आमच्या श्रवण मंडळात पुंजारामनी आणली. महिन्यातून एकदा बसतो आम्ही, प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक आणायचं, दुसऱ्याचं एक न्यायचं. काय सांगू, पंधरा वर्षं ऐकतोय, पण घरगुती मैफलीची अशी चीज हाताला लागली नव्हती. ती खोकल्याची जागा तर, कमाल! बैठकीत बसल्यासारखं वाटतं."

"ते माझे वडील आहेत," निवृत्ती म्हणाला.

"अल्ला त्यांना जन्नत देवो. फार सुरात खोकलेत."

हे ते मनापासून म्हणाले, हाच निवृत्तीचा खरा संताप होता. चेष्टा असती तर भांडता आलं असतं. त्याने चहा घेतला नाही आणि जाताना विचारलं, "किती जणांकडे आहे हे?"

जमीलसरांनी गणिताच्या मास्तरासारखा विचार केला. "आमच्यातल्या सगळ्यांकडे. आणि देवळालीच्या दोघांनी पुढे नेली, त्यांचं मला माहीत नाही."

घरी पोचेपर्यंत निवृत्तीने डोक्यात पुंजारामवर खटला चालवून त्याला शिक्षाही दिली होती. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की खोकला पहिल्या रिळात आहे. पहिलं रीळ त्याच्या स्वतःच्या कपाटात. टेपरेकॉर्डर त्याच्या स्वतःच्या घरात, हलवायला दोन माणसं लागतील असा. म्हणजे चोरी आतून झाली होती.

लताबाई तांदूळ निवडत होत्या.

"पुंजाराम इथे येऊन रिळं कॅसेटवर घेऊन गेला?"

"हो. दिवाळीनंतर."

"तू होतीस?"

"मग दार कोणी उघडलं?" लताबाईंनी ताट हलवून खडे एका कडेला आणले. "तुम्ही ड्यूटीवर होता. भाऊजी आले, शकूताईंचं रीळ पण घेऊन आले होते, दुपारभर बसले. मी स्वयंपाक करत होते. घरात गाणं लागलं म्हणून काय पोलीस बोलवायचे?"

"शकूचं रीळ?"

"त्यांनीच दिलं की. विश्वासाने."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर झालं असतं का?" लताबाई म्हणाल्या. हे उत्तर इतकं बरोबर होतं, की निवृत्तीचा संताप दुप्पट झाला. त्या रात्री तो जेवला, पण वाढून घेतलं नाही. त्या घरात हा निषेध फार वरच्या पातळीचा समजला जाई.

स्मृतिदिन रविवारी आला. शकू आणि तिचा नवरा गोरक्ष सकाळच्या एसटीने देवळ्याहून आले. शकूने दरवर्षीप्रमाणे रिळाचा डबा टॉवेलात गुंडाळून मांडीवर आणला होता. गोरक्ष कांद्याच्या आडतीवर कामाला, आणि सासरी आला की कोणाचीही बाजू घ्यायला तयार, फक्त तंटा रंगला पाहिजे. पुंजाराम पेठ रोडच्या आपल्या खोलीवरून आला. बँकेत कारकून, डोळ्यांवर नवा चष्मा, बगलेत तिसरं रीळ. आई, म्हणजे भिमाबाई, आतल्या खोलीच्या दारात पाट घेऊन बसल्या होत्या. साठी उलटली होती, कान उत्तम होते, आणि घरातल्या वादांत त्यांचं मत कोणी विचारत नसल्याने प्रकृतीही बरी होती.

वंदना झाली. पोहे झाले. निवृत्तीने बशी खाली ठेवली.

"आज रीळ लागणार नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?" शकू म्हणाली. "मी सकाळी चारला उठून आले, दादा."

"कशाला आलीस? तुझ्याकडे कॅसेट असेल की. पूर्ण. पहिल्यापासून शेवटपर्यंत. घरी बसून भाकरी थापता थापता ऐकता येते."

शकूने पुंजारामकडे बघितलं. पुंजारामने वहिनीकडे बघितलं. लताबाईंनी बशा उचलायला घेतल्या.

"कळलं वाटतं," पुंजाराम म्हणाला.

"रस्त्यावर कळलं! सख्ख्या भावाने नाही सांगितलं, वडिलांनी स्वतः खोकून सांगितलं."

"दादा, रीळ कायम टिकत नाही. तुझ्या पहिल्या रिळाची पावडर पडायला लागली आहे, मशीन पुसताना बघत नाहीस का? आणखी चार वर्षांनी त्यात काही राहणार नाही. मी वाचवलं ते."

"वाचवलंस की वाटलंस? वाचवायला एक कॅसेट पुरते. देवळालीपर्यंत कशाला लागते?"

"मंडळाचा नियमच तसा आहे. द्यायचं आणि घ्यायचं. त्यांच्याकडून मला केवढं ऐकायला मिळालं. एकेकाचा खजिना आहे, दादा, आणि माझ्याकडे द्यायला दुसरं काय होतं?"

"तेच म्हणतो मी. तू घरातला ऐवज बाजारात नेऊन बदली केलास."

"आता बदलीचं म्हणाल तर," गोरक्ष पुढे सरकला, "आमच्या देवळ्यातबी मास्तर लोकांनी ऐकलं हे. लय खूश झाले. हेडमास्तर म्हणे, बाई कोन शे? मी म्हटलं, आमच्या सासऱ्याच्या घरी गायलेल्या. तवापासून मला खुर्ची देतात."

"तुम्ही गप्प बसा हो," शकू म्हणाली.

"म्हणजे देवळ्यालाही!" निवृत्ती उठून उभा राहिला. "शकू, तू सुद्धा?"

शकूचा चेहरा लाल झाला, पण ती मागे हटणारी नव्हती. "हो, मी सुद्धा. दादा, तुला पहिलं रीळ मिळालं. त्यात निदान सुरुवात आहे. मला मधलं. ना आगा ना पिछा. सहा वर्षं मी एक डबा सांभाळते, ज्यातलं गाणं माझ्या घरी वाजतही नाही. आमच्याकडे मशीन नाही. सासूबाई विचारायच्या, यात काय आहे? मी काय सांगू, अर्धवट तान? पुंजाने मला पूर्ण ऐकवलं तेव्हा मी रडले. माझं मलाच माहीत नव्हतं की माझ्या रिळानंतर तराणा इतका सुंदर लागतो."

"दरवर्षी ऐकतेस की इथे!"

"इथे? इथे तू मधेच थांबवून सांगत असतोस, आता बघा, आता खटका येईल. पूर्ण कधी ऐकू दिलंस?"

स्वयंपाकघरातून लताबाईंचा हसू दाबल्याचा आवाज आला. निवृत्तीने तिकडे बघितलं नाही. युद्धात सगळ्या आघाड्यांवर एकदम जाऊ नये, हे त्याला कळत होतं.

"ठीक आहे," तो पुंजारामकडे वळला. "मला फक्त एक सांग. त्या कॅसेटमध्ये तू रडत का नाहीस?"

पुंजारामने आपलं रीळ मांडीवर घेतलं.

"जमीलसरांकडे मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पूर्ण ऐकली. खोकला आहे, शिट्टी आहे. दुसऱ्या रिळातलं रडणं नाही."

पुंजारामने चष्मा वर सरकवला. "ते मी गाळलं. तिथे बटण दाबून धरलं. थोडी तान गेली, पण..."

"का?"

"मंडळात दहा लोक बसणार, दादा. त्यांच्यात मी भोकाड पसरलेलं कशाला ऐकवू? लोक विचारतील, हे कोण? मी काय हात वर करू?"

"अरे गाढवा!" निवृत्तीचा आवाज फाटला. "तो पुरावा होता! बाई आपल्या घरात गायल्या याचा तो एकमेव जिवंत पुरावा होता, आणि तू तो लाजेपायी कापलास! उद्या एखादा शहाणा विचारील, कशावरून तुमच्या घरी? तुमच्यात हेही होतं का? तेव्हा काय दाखवू? इंजिनाची शिट्टी? ती तर मनमाडलाही वाजते!"

 तो 'हेही' त्या घरात सगळ्यांना आपापल्या ठिकाणी कधी ना कधी ऐकायला मिळालेला होता. पुंजारामला बँकेत, शकूला शाळेच्या बक्षीस समारंभात. थोडा वेळ त्यांचं भांडण तिथेच अडकून राहिलं, आणि सगळे एकाच बाजूचे झाले.

"आणि दुसरं," निवृत्ती जरा खालच्या आवाजात म्हणाला. खरं दुखणं इथे होतं. "अप्पांनी तीन तुकडे का केले? तुकड्यांसाठी तरी आपण यावं म्हणून. आता प्रत्येकाकडे पूर्ण आहे. पुढच्या वर्षी कोण येणार? पाऊस आहे, एसटी नाही, बँकेचं ऑडिट आहे. कॅसेट लावली की झाला स्मृतिदिन."

"मी येईन," शकू म्हणाली, पण लगेच नाही. ती जरा थांबली, आणि ते थांबणं निवृत्तीने ऐकलं.

दारावर थाप पडली. जमीलसर. अंगात शेरवानी, हातात मिठाईचा पुडा आणि कॅसेटींची पिशवी. पुंजारामने त्यांना बोलावलं होतं आणि, त्या घराच्या रीतीप्रमाणे, कोणाला सांगितलं नव्हतं.

"जय भीम, आदाब, माफ करा, घरचा कार्यक्रम आहे," जमीलसर उभ्यानेच म्हणाले. "निवृत्तीभाऊ त्या दिवशी नाराज होऊन गेले. मला रात्रभर चैन नाही. म्हटलं, आपण त्यांच्या वडिलांचं ऐकतो, आणि त्यांना काय देतो? ह्या माझ्या आवडीच्या, सगळ्या. परत करायच्या नाहीत." त्यांनी पिशवी निवृत्तीच्या पायाशी ठेवली. "आणि मंडळाचा एक निरोप आहे. परवा ठराव झाला. ज्या घरात बाई गायल्या, त्या घराचा सत्कार करायचा. गावातल्या सभागृहात. नाशकातले सगळे कानसेन बोलावू. तुम्ही स्टेजवर बसायचं, आईंनी बसायचं, आणि रीळ वाजवायचं. मूळ रीळ. कॅसेट नाही."

निवृत्ती खाली बसला. संतापासाठी जमवलेली ताकद एकदम रिकामी झाली. सभागृहात. स्टेजवर. चष्मा पुसणारा साहेब पहिल्या रांगेत बसेल का, हा विचार त्याने मनात येऊ दिला नाही, पण तो येऊन बसलाच.

"बघा," पुंजाराम हळूच म्हणाला. "वाटलं नसतं तर हे झालं असतं का?"

"तू बोलू नकोस," निवृत्ती म्हणाला, पण आवाजात ती धार नव्हती. "लता, सरांना चहा. गोरक्षदाजी, मशीनवरचं कापड काढा."

"बघा, आता कशी मजा आली," गोरक्ष म्हणाला. मिटलेल्या भांडणातही त्याला गोडी होती, फक्त कमी.

जमीलसरांनी एकच हरकत घेतली. सकाळी अकराला बागेश्री, हे त्यांच्या मनाला पटेना, राग रात्रीचा. गांगुर्ड्यांच्या घरी तो सहा वर्षं पोह्यांनंतर ऐकला जातो हे कळल्यावर ते उठले, आणि त्यांनी स्वतः खिडक्या लावून पडदे ओढले. मग त्या कृत्रिम रात्री, घामाघूम होत, सहा जण सतरंजीवर बसले.

पहिलं रीळ लागलं. अप्पा खोकले. आईंनी पदर नीट केला. दुसऱ्या रिळात पुंजाराम रडला. जमीलसरांनी चमकून त्याच्याकडे बघितलं, आणि पुंजाराम सतरंजीचे दोरे मोजू लागला. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी गाणं लागलं. भांडून थकलेल्या माणसांना चांगलं ऐकू येतं. शकू डोळे मिटून डोलत होती, निवृत्तीने एकदाही मध्ये बोलून खटका दाखवला नाही, आणि तिसऱ्या रिळात तराणा सुरू झाला तेव्हा गोरक्षसुद्धा मांडीवर बोटं आपटत होता, बहुधा चुकीच्या ठिकाणी.

तराण्याचा शेवट जवळ आला. शेवटची तिहाई संपली, सम आली, की लगेच मशीन बंद करायचं, ही त्या घरातली शिस्त. अप्पा स्वतः करत. समेबरोबर त्यांचं बोट बटणावर पडे, आणि मग सगळे काही वेळ गप्प बसत. टाळ्या नाहीत, शब्द नाही. गाण्याचा मान तसा राखायचा, असं मुलं समजून होती. अप्पांनंतर ते बोट निवृत्तीचं झालं होतं. त्याने हात पुढे केला.

जमीलसरांनी तो हात हवेतच पकडला. डोळ्यांत पाणी होतं.

"नको, भाऊ. आज थांबवू नका. बैठकीतली दाद तरी ऐकू द्या. बाईंच्या समोर कोण कोण बसलं होतं, कोण वाह म्हणालं, ते तर ह्याच्यातच असेल!"

हे कोणाला आजवर सुचलंच नव्हतं. निवृत्तीला मोह झाला. अप्पांची दाद. अप्पांचा आवाज, खोकला सोडून. त्याने हात सैल सोडला. सम आली. तानपुरा हळूहळू विरत गेला. सगळे पुढे झुकले.

रिळातून एक पुरुषी, स्वच्छ, सरकारी आवाज आला.

"अभी आप श्रीमती चंद्रभागाबाई येवलेकर से राग बागेश्री सुन रहे थे. अब आप समाचार सुनिए."

मग समाचार सुरू झाले. कुठल्यातरी धरणाची पायाभरणी झाली होती.

निवृत्तीने बटण दाबलं. तेही दोन वेळा, कारण पहिल्यांदा बोट चुकलं. बंद खोलीत उकाडा एकदम जाणवायला लागला. लताबाईंनी उठून एक खिडकी उघडली आणि दुपारचा लख्ख उजेड सगळ्यांच्या तोंडावर आला.

पहिला बोलला गोरक्ष. "म्हणजे रेडिओपुढे माइक धरला व्हता," तो हळहळून म्हणाला. त्याची खुर्ची जात होती.

"हे... हे दुसऱ्या कशाचं तरी आहे," निवृत्ती म्हणाला. "जुनं रीळ असेल, वरून पुन्हा भरलं असेल, मागचं शेपूट राहिलं असेल." तो एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होता. कोणी मान हलवत नव्हतं. "पुंजा, तू कॅसेट केलीस तेव्हा हे ऐकलं नाहीस?"

"मी पण समेवर बंद केलं," पुंजाराम म्हणाला. "हात आपोआप जातो, दादा."

"खोकला तर खरा आहे," शकू म्हणाली. कोणाला धीर देत होती कोणास ठाऊक.

"खोकला खरा आहे. रडणं खरं आहे. शिट्टी खरी आहे," निवृत्ती म्हणाला. "तेवढंच आपल्या घरात झालं. गाणं सोडून सगळं." आणि त्याचा राग शेवटी अशा माणसावर गेला, ज्याच्यावर तो आयुष्यात कधी गेला नव्हता. "अप्पांनी आपल्याला फसवलं. मी जगाला सांगत फिरलो. ऑफिसात सांगितलं. बाई आमच्या घरी गायल्या! अरे, बाई आमच्या घरात आल्याच नव्हत्या!"

जमीलसर चहाच्या कपात बघत होते. कपात चहा नव्हता. "सत्काराचं मी सांभाळून घेईन," ते अगदी हळू म्हणाले, आणि यापेक्षा वाईट ते काही म्हणू शकले नसते.

"कोण म्हणतं आल्या नव्हत्या?"

सगळे वळले. आतल्या दारात, पाटावर, भिमाबाई.

"आल्या होत्या की," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाने कधी म्हटलं का, गायल्या म्हणून? ते म्हणायचे, बाई आपल्याकडे आल्या होत्या. आणि रीळ लावायचे. पुढचं तुमचं तुम्ही लावलंत. मला कोणी विचारलं नाही."

निवृत्ती गुडघ्यांवर सरकत आईजवळ गेला. चाळिशीचा माणूस, पण त्या क्षणी त्याला त्याचं भान नव्हतं. "खरंच आल्या होत्या? आपल्या क्वार्टरमध्ये?"

"गाडी लेट होती. हे स्टेशनवर गेलेले. यांनी बाईंना ओळखलं, म्हणाले, बाई, उन्हात कशाला बसता, आमचं घर जवळ आहे. आल्या. सतरंजीवर बसल्या. यांनी नाव-गाव सांगितलं, बाईंनी आडनाव ऐकलं, काही म्हणाल्या नाहीत. दोन कप चहा प्याल्या. तांब्या आपलाच, कप आपलेच."

"आणि?" निवृत्तीने आईचा हात धरला. "काही म्हटलं असेल की त्यांनी, आई. एखादी ओळ. जाता जाता गुणगुणल्या तरी असतील."

"कशाने गुणगुणणार?" भिमाबाई म्हणाल्या. "घसा धरला होता, बोलणंसुद्धा खुणेने. मी कोमट पाण्यात मीठ घालून दिलं. मोरीत उभं राहून त्यांनी गुळण्या केल्या. मग गाडी आली."